निळा जमतो का?

दिवसभर मी भोसरीत गाड्यांचे रंग जुळवतो.
दिव्याच्या पेटीत दोन पत्रे शेजारी ठेवून
डोळे बारीक करतो आणि सांगतो:
उजवीकडचा केसभर पिवळा झुकलाय.
अख्खा घाणा परत जातो.
वीस वर्षांत माझा शब्द कुणी खाली पडू दिलेला नाही.

शनिवारी सकाळी कर्वेनगरात, ओट्यापाशी,
माझ्या ताब्यात एक मिक्सर असतो
(झाकण तळव्याने दाबून धरावं लागतं)
आणि चार गिऱ्हाइकं: कोयना, जुई, तन्वीर,
आणि तन्वीरचा धाकटा, ज्याला एकच रंग म्हणता येतो,
लाल. तोही "याय".

मागच्या उन्हाळ्यात गाडीवरचा गोळा खाऊन
कोयनाच्या पाठभर पित्त उठलं.
तेव्हापासून बाटलीतला रंग घरात येत नाही.
बाटलीतल्या रंगावरच हे घर चालतं,
ते मी कुणाला बोलून दाखवत नाही.

बीट उकडलं की रंग म्हातारा होतो,
कच्चं किसलं की मातीचा वास मारतं.
मधला रस्ता सापडायला तीन शनिवार गेले:
दोन वाफा, घट्ट दही, अर्धं केळं,
मग ग्लासात उतरतो लग्नातल्या फेट्याचा गुलाबी.
"याय," म्हणत धाकट्याने तोंड बुडवलं
आणि त्याला मिशा फुटल्या.

पालकाला अननस भेटला तर तो पोपटी होतो,
नाहीतर रुसून काळा.
एकदा घाईत पालकाच्याच भांड्यात, न धुता,
स्ट्रॉबेरी फिरवली.
तीन डोकी ग्लासावर वाकली.
"काका, हा तर मुठेचा रंग."
"भिडे पुलाखालचा," जुईने पत्ताही दिला.
तो घाणा मी एकट्याने, उभ्याने संपवला.
चवीला चांगला होता. सांगणार कुणाला.

आणि मग कोयना: "बाबा, निळा जमतो का?"

निळे मला आकड्यांसकट पाठ आहेत,
पहाटेचा, पोलादी, खोल समुद्राचा.
खाण्यातला एकही नाही.
मंडईत एकीने वांगं पुढे केलं, दुसरीने काळी द्राक्षं,
सगळी निळ्याच्या दारापर्यंत जाऊन परत फिरलेली.
तिसरी लिंबं निवडता निवडता म्हणाली,
"निळं खायचं नसतं भाऊ. वर बघायचं असतं."

कालव्याच्या कडेला, सोसायटीच्या तारेवर
गोकर्ण चढली होती.
वॉचमन सुतारेमामांनी विचारलं, "देवाला?"
"नाही, मिक्सरला."
त्यांनी अकरा फुलं मोजून हातावर ठेवली,
बारावं केबिनमधल्या महादेवासाठी राखलं.

गरम पाण्यात फुलं दमत गेली,
पांढुरकी, चुरगळलेली, धुतलेल्या रुमालासारखी,
आणि पातेल्यात जे उरलं
ते माझ्या कुठल्याच पत्र्याशी जुळेना.
नारळाचं दूध घातलं. केळं घातलं.
चौघांनी श्वास धरला. धाकटासुद्धा "याय" म्हणाला नाही.

तेवढ्यात कोयनाने, न विचारता, लिंबू पिळलं.

कडेने जांभळं धावत आलं,
चमचा फिरला तसं मध्यापर्यंत पोचलं.
माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "रिजेक्ट."
"नाही बाबा," ती म्हणाली,
"त्याने मन बदललंय."
आणि अजून एक फोड मागितली.

सोमवारी पेटीत पत्रे धरले
तर नखांच्या कडांना बीट.
साहेब म्हणाले, हात धुऊन या, नजर फसेल.
धुतले. थोडं राहिलंच.
डावा, उजवा. केसभर फरक होता,
मी तो सांगितला, घाणा परत गेला.
फक्त सांगताना, कोण जाणे कुठून,
जिभेवर लिंबू आलं.